जालन्याच्या उन्हाचा टायर

गाडीचे चारही टायर बदलायला आलेत, असं मी चार ओळखीच्या लोकांत बोललो आणि सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, "एकदा विंटर टायर टाकून बघ, ग्रिप काय असते ते कळेल." दुसरा म्हणाला, "विंटर नको, ऑल-सीझन घे, बाराही महिने निभावतात." दोघेही गाड्यांचे दर्दी आहेत, युरोप-अमेरिकेतले टायरच्या चाचण्यांचे व्हिडिओ रात्र रात्र बघणारे आहेत, आणि माझं भलं व्हावं एवढाच त्यांचा हेतू आहे. पण माझी तक्रार या प्रश्नाबद्दलच आहे. विंटर की ऑल-सीझन हा जालन्याचा प्रश्नच नाही. जालन्यातल्या टायरचे प्रश्न वेगळे आहेत. ते मंठा चौफुलीपासून समृद्धी महामार्गापर्यंत रोज समोर येतात, आणि ते कुणीच विचारत नाही. दुकानदार विचारत नाही, पंपावर हवा भरणारा विचारत नाही, गाडी विकणारा तर त्यांचं नावही काढत नाही.

गाडी कोणती ते आधी सांगतो, कारण टायरचं बोलणं गाडीशिवाय होत नाही. चाकणला बनलेली सेडान, दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद, २५० न्यूटन मीटर टॉर्क. जर्मनीत असली गाडी नोकरदार माणसाची रोजची गाडी समजतात. आपल्याकडे ती जोरकस गाडी आहे, आणि मी ती त्या जोरासाठीच घेतली. तिच्या टायरवर लिहिलंय : २०५/५५ आर १६ ९१ व्ही. रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलायचे, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत तो टिकतो अशी चाचणी झालेली. २४० ने मला कुठेही जायचं नाही. पण ते अक्षर वेगाचं असतं तितकंच तापण्याचंही असतं. टायर वेगाने फिरला की तापतो, आणि वरच्या अक्षराचा टायर ते तापणं जास्त सोसतो. त्यामुळे "व्ही शिल्लक नाही, एच आहे, दोनशे दहापर्यंत चालतो, तुम्ही कुठं दोनशे दहानं पळवू लागले भाऊ," असं दुकानात ऐकलं की मला मनापासून राग येतो. गाडी बनवणाऱ्याने विचार करून ठरवलेलं अक्षर माल संपला म्हणून बदलायचं नसतं. ४३ अंशांच्या मे महिन्यात तर मुळीच नाही.

आता विंटर टायर. हा टायर फिनलंडचा. बर्फात ट्रक अडकू नयेत म्हणून तिथल्या कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियनच्या पूर्वजाने, १९३४ साली तो पहिल्यांदा बनवला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठीही काढला. त्याची सगळी करामत रबरात आहे. साधा उन्हाळी टायर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होत जातो आणि रस्त्याला धरेनासा होतो. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीतही ते लवतं. त्याच्या नक्षीत हजारो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला पकडतात. हे सगळं तिथे अगदी योग्य आहे. हाच टायर मे महिन्यात भोकरदन नाक्यावर आणा. दुपारी तापलेल्या डांबरावर हे रबर उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखं ढिलं पडतं. ब्रेक मारला की चिरांच्या मधले तुकडे मागेपुढे झुकतात, गाडी थांबायला जास्त अंतर घेते, आणि हजारो रुपयांचा टायर झपाट्याने झिजतो. अमेरिकेत टायरवर उष्णतेची प्रत छापावी लागते, ए, बी किंवा सी. बर्फाच्या विंटर टायरना या छपाईतून सूट आहे.

आपल्याकडे थंडीची लाट आली की पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो, परभणीला एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. मफलर, शेकोटी, सकाळची शाळा उशिरा, सगळं होतं. पण दहा वाजेपर्यंत स्वेटर काढावा लागतो. तेवढ्या पहाटेसाठी वर्षभराचा टायर ठरवणं हा शहाणपणा नव्हे.

माझा पुतण्या स्टुटगार्टला असतो. त्याच्याकडे चाकांचे दोन संच आहेत, ऑक्टोबरमध्ये एक चढतो, ईस्टरच्या सुमारास दुसरा. उतरलेली चाकं ठेवायला तिथे पैसे देऊन जागा मिळते. तो फोनवर म्हणाला, "काका, तुम्ही आपले ऑल-सीझन घ्या, बदलायची कटकटच नाही." त्याच्यासाठी हे खरंच आहे. जर्मनीत रस्त्यावर बर्फ, गोठलेलं दव, हिमकण असतील तर योग्य टायर नसलेल्या गाडीला ६० युरोचा दंड बसतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असलं तरच तो हिवाळ्यात चालतो, नुसतं एम अधिक एस (मड अँड स्नो) लिहिलेलं आता पुरत नाही. तिथला माणूस हिवाळ्यातल्या अपघाताचा विचार करून टायर घेतो आणि सरकार त्याच्या मागे उभं राहतं. मला त्यांचा हेवा वाटतो तो या बाबतीत. त्यांच्या हवामानाचा धोका कायद्यात लिहिलेला आहे. आपल्याकडे गुलमर्गला जाताना तंगमर्गला चाकांना साखळ्या बांधायला लावतात, तेवढंच. उन्हाचा धोका कुठेच लिहिलेला नाही.

ऑल-सीझन टायर १९७७ साली अमेरिकेत गुडइयरने टिएम्पो या नावाने आणला. वर्षातून दोनदा चाकं बदलायचा त्रास वाचावा म्हणून केलेली ती तडजोड होती, आणि तडजोड म्हणून ती चांगली होती. तिथल्या तापलेल्या वाळवंटी राज्यांतही हे टायर चालतात, हे मी मान्य करतो. पण ज्याने जोरकस गाडी तिच्या वळणासाठी आणि ब्रेकसाठी घेतली, त्याने बर्फाची सोय म्हणून घातलेल्या चिरा का सोसायच्या? ती सोय वापरायला त्याला बर्फ कधी मिळणारच नाही. बरं, आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक मोटारींचे टायर रबराने उन्हाळीच असतात. तरी विक्रेत्यांच्या यादीत ऋतूचा रकाना असतो आणि त्यात सर्रास ऑल-सीझन असं भरलेलं असतं. मला त्या रकान्यात उन्हाचं काहीतरी लिहिलेलं हवं आहे : किती तापेपर्यंत टिकतो, ओल्या रस्त्यावर किती अंतरात थांबवतो.

एम अधिक एस या अक्षरांवरून तर दुकानात ठाम चुकीची गोष्ट सांगतात. "हे बघा, मड अँड स्नो. म्हणजे चिखलातबी चालतं." हे चिन्ह मुळात नक्षीच्या खाचांच्या मापावरून लावतात, त्यासाठी बर्फाची किंवा चिखलाची चाचणी द्यावी लागत नाही. आणि चिखल कुठला? माझ्या सासुरवाडीचा रस्ता भोकरदन तालुक्यात आहे, शेवटचा तुकडा पांदणीचा. आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती असते. पाणी पिऊन ती फुगते आणि जे सापडेल त्याला चिकटते. पहिल्या वीस पावलांत टायरच्या सगळ्या खाचा भरून सपाट होतात, मग माती चाकाच्या कमानीत साठते, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. बैलगाडीसुद्धा तिथे रुतते. मोटारीचा कोणताही टायर, भिंतीवर काहीही लिहिलेलं असलं तरी, त्या मातीत कामाचा नाही. गाडी पक्क्या रस्त्यावर लावायची आणि चालत जायचं, हा एकच उपाय आहे. दुकानदाराने तेवढं सांगितलं तर मला त्याच्याबद्दल आदर वाटेल.

काळी माती एवढ्यावर थांबत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता वर-खाली होत राहतो. नवा रस्ता दोन-तीन पावसांत लाटा घेऊ लागतो, कडा खचतात, मोरीच्या तोंडाशी पायरी तयार होते. ५५ टक्क्यांच्या भिंतीचा टायर असल्या पायरीवर आपटला तर भिंतीच्या आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. हा फुगा दिसला की टायर संपला. त्याला दुरुस्ती नाही. आणि तरी लोक "थोडा आलाय, चालू द्या" म्हणत तसाच समृद्धीवर नेतात. या बाबतीत मी कुणाशीही भांडायला तयार आहे. फुगा आलेला टायर काढा आणि फेका. दुसरा मार्ग नाही.

आता समृद्धी आणि हवा. मला खरं बोलायचं आहे ते यावर. नागपूर ते शिर्डीचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. एकूण ७०१ किलोमीटर. जालन्याच्या माणसाला नागपूरही जवळ आलं आणि मुंबईही. मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्यावर त्याआधी कुणाला सलग दोन तास १२० ने गाडी चालवायला मिळाली नव्हती. म्हणजे जो टायर आयुष्यभर जालना ते अंबड ७० ने गेला, तो एकदम एका नव्या कामाला जुंपला गेला. २०५/५५ च्या टायरचा घेर साधारण दोन मीटर येतो. १२० च्या वेगाला तो सेकंदाला जवळजवळ सतरा वेळा फिरतो, आणि प्रत्येक फेरीत त्याच्या भिंतीचा प्रत्येक भाग एकदा दबतो आणि सुटतो. या दबण्या-सुटण्यातून टायर आतून तापतो. हवा पुरेशी असेल तर दबणं कमी असतं. हवा कमी असेल तर भिंत जास्त दबते, जास्त तापते, रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटतात, आणि टायर फुटतो. लोक म्हणतात समृद्धीच्या काँक्रीटने टायर फुटतात. रस्ता तापलेला असतोच, पण तापलेल्या रस्त्यावर कमी हवेने पळणं हे फुटण्याचं मोठं कारण आहे.

आणि हवा कमी कुठे होते? पंपावर, भर दुपारी, आपल्या डोळ्यांदेखत. माझ्या गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी आहे, तिच्यावर थंड टायरचा दाब लिहिलेला आहे. थंड म्हणजे गाडी काही तास उभी राहिलेली, सकाळची. समजा सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरलं. दुपारी दोन वाजता समृद्धीवरून उतरून पंपावर आलो तेव्हा टायरमधली हवा सहज ६० अंशांची असते. हवा तापली की दाब वाढतो, हा शाळेत शिकलेला वायूचा नियम आहे. ते ३३ आता ३८ झालेले असतात. यात काहीही बिघडलेलं नाही, गाडी बनवणाऱ्याने हे वाढणं धरूनच चिठ्ठी लिहिली आहे. पण हवा भरणारा पोरगा आकडा बघतो, "भाऊ, लई हवा झालीय, उन्हात फुटल," म्हणतो आणि फुस्स करून पाच पीएसआय सोडून देतो. यंत्रावर ३३ दिसतं, त्याचं समाधान होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टायरमध्ये २८ उरलेले असतात. म्हणजे उन्हाला घाबरून त्याने जे केलं त्याने टायर उन्हात फुटण्याच्या जास्त जवळ गेला. त्याला वाईट म्हणायचं माझ्या मनात नाही. तो काळजीनेच करतो. त्याला कुणी शिकवलेलं नाही, ही माझी तक्रार आहे. पंपाचा मालक, कंपनीचा अधिकारी, परिवहन खातं, कुणीही. पंपावर हवा फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि ती बरोबर मिळणं हाही त्याच हक्काचा भाग आहे.

मी हात धरून सांगतो, "दादा, गरम टायरची हवा सोडायची नाही." तो माझ्याकडे बघतो आणि मागच्या गाडीवाल्याला म्हणतो, "काकांना जास्त हवा लागती." मागचा गाडीवाला मान हलवतो. हे प्रत्येक उन्हाळ्यात होतं आणि प्रत्येक वेळी मला ते पहिल्याइतकंच लागतं.

नायट्रोजनचं वेगळंच. "नायट्रोजन टाका, उन्हात वाढतच न्हाई." टायरमागे काही रुपये घेतात आणि व्हॉल्व्हला हिरवी टोपी लावतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर तोही त्याच नियमाने वाढतो. तो कोरडा असतो, टायरमधून किंचित सावकाश निसटतो, एवढा फायदा मी मान्य करतो. पण त्याच्या भरवशावर माणूस महिनोन् महिने हवा तपासतच नाही, हे नुकसान त्या फायद्याहून मोठं आहे. हिरवी टोपी बघून पंपावरचा पोरगाही "याला साधी हवा चालत न्हाई" म्हणून हात लावत नाही, आणि २७ पीएसआयची गाडी तशीच पुढे जाते. कमी हवेपेक्षा मिसळलेली हवा कितीतरी बरी, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

जालन्याची आणखी एक खासियत टायरवाल्या कंपन्यांना माहीत नाही. हे लोखंडाचं गाव आहे. भंगार वितळवून सळई ओढणारे कारखाने इथे मोठ्या संख्येने आहेत. देशभरातून भंगाराचे ट्रक येतात, सळयांचे ट्रक जातात. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर भंगाराचा चुरा, लेथचा कीस, सळयांचे तुकडे, तारा, खिळे सांडलेले असतात, आणि तिथून ते चाकांबरोबर गावभर पसरतात. वसाहतीच्या फाट्यावर एक पंक्चरवाला आहे. माझ्या मागच्या टायरमधून त्याने पकडीने जे काढलं ते मी हातात घेऊन पाहिलं : लेथवरून निघालेली पोलादाची वळलेली पट्टी, निळसर, करंगळीच्या नखाएवढी, दोन्ही कडा धारदार. खिळा सरळ आत जातो आणि भोक गोल पाडतो. ही पट्टी वळत वळत शिरते आणि आतले धागे कापते. "असलं रोज निघतं," तो म्हणाला आणि शेजारच्या डब्यात टाकलं. डबा अर्धा भरलेला होता.

त्याने चिकट दोरी भोकात खुपसली आणि टायर तयार केला. गावात ७० ने फिरायला ती दोरी चालते. १२० ने जायचं तर टायर रिमवरून उतरवून आतून छत्रीच्या आकाराचं ठिगळ लावायला हवं, आणि भोक भिंतीला असेल तर काहीच लावू नये. जोरकस गाड्यांचे टायर सरसकट दोरीने बंद करून समृद्धीवर सोडणं चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे पंक्चरवाल्यालाही माहीत आहे. ठिगळ लावायला वेळ जातो, मागे ट्रक उभा असतो, म्हणून तो विचारत नाही. आपण मागितलं तर लावून देतो. मागा. स्टेपनीवरही भरवसा ठेवता येत नाही. हल्लीच्या कित्येक गाड्यांत ती लहान मापाची येते, आणि तिच्यावरच लिहिलेलं असतं की ८० च्या वर नेऊ नका.

मग टायर विकत घ्यायचे. जालन्यात ट्रकचे, ट्रॅक्टरचे, जीपचे टायर हवे तितके मिळतात. तो धंद्याचा माल आहे, मला त्यात काही खटकत नाही. २०५/५५ आर १६ व्ही मात्र "मागवून देतो" असतो. छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटरवर आहे, आणि तिथून पुढे वाळूजला टायरचा मोठा कारखानाच आहे. माझ्या घरापासून ऐंशीएक किलोमीटरवर टायर बनतात आणि माझ्या मापाचा टायर दुसऱ्या राज्यातल्या गोदामातून येतो. जून २०२० मध्ये केंद्राने टायरच्या आयातीवर बंधन घातलं, तेव्हापासून अशा मापांची निवड आणखी आखडली. देशी कारखान्यांना आधार मिळावा हे योग्यच. पण मग देशी कारखान्यांनी जोरकस गाड्यांची मापंही जिल्ह्यापर्यंत पोचवायला हवीत.

मागवलेला टायर आला की पहिलं काम म्हणजे त्याची जन्मतारीख पाहणं. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ०८२५ म्हणजे २०२५ सालचा आठवा आठवडा. रबर ऊन, उष्णता आणि हवेने म्हातारं होतं, वापरलं नाही तरी. पत्र्याच्या शेडखाली दोन मे महिने काढलेला टायर नवा नसतो. दुकानाबाहेर उन्हात रचलेली टायरची उतरंड बघितली की मला राहवत नाही, मी दुकानदाराला सांगतोच, "शेट, हे आत घ्या." तो म्हणतो, "शोला ठेवलेत." पण शोचे टायरही विकले जातात.

या तारखेचीही एक अडचण आहे. ती बहुतेक वेळा टायरच्या एकाच भिंतीवर पूर्ण छापतात. जोरकस गाड्यांच्या टायरची नक्षी अनेकदा दोन्ही बाजूंना वेगळी असते, म्हणून एक बाजू ठरावीक बाहेरच यावी लागते. तारीख दुसऱ्या बाजूला असेल तर टायर बसवल्यावर ती गाडीच्या पोटात जाते, आणि मग वाचायची तर जमिनीवर आडवं पडावं लागतं. तेव्हा टायर रिमवर चढवायच्या आत वाचा. बसवणाऱ्याने "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर ठेवली का तेही बघा. चाकं बसवताना हवेच्या बंदुकीने बोल्ट कर्रर्र करत आवळतात. माझ्या गाडीच्या पुस्तकात १२० न्यूटन मीटर लिहिलंय, आणि ते मोजायचा पाना जवळजवळ कुठल्याच दुकानात वापरत नाहीत. अंदाजाने आवळलेले बोल्ट रस्त्यात स्टेपनी लावायच्या वेळी सुटत नाहीत. साठीच्या माणसाने भर उन्हात समृद्धीच्या कडेला पान्यावर उभं राहून ते सोडवायचे, हे दुकानात कुणाच्या मनातही येत नाही.

पावसाचं थोडक्यात सांगतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही मोजक्या दिवसांत कोसळून. सगळ्यात घातक असतो तो मृगाचा पहिला शिडकावा. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ, डिझेल, ऑइल आणि टायरचा घासलेला भुगा त्या शिडकाव्यात कालवला जातो आणि अर्धा-पाऊण तास रस्ता हातात राहत नाही. मुसळधार पावसात ती राड धुऊन जाते, पण मग खाचांना पाणी बाहेर फेकावं लागतं. कायद्याने खाच १.६ मिलिमीटर असली तरी चालते. कोरड्या रस्त्याला ते ठीक, तुंबलेल्या पाण्यावर १०० च्या वेगात १.६ मिलिमीटरला काही अर्थ नाही. तीन मिलिमीटरला मी टायर काढतो, आणि तुम्हीही काढावा असं माझं म्हणणं आहे. २०२२ मध्ये केंद्राने ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि घरंगळण्याचा विरोध यांची किमान मर्यादा टायरला लागू केली, ते चांगलं झालं. पण ओल्या पकडीची मर्यादा पार केली एवढंच कळतं. कोणता टायर किती चांगला हे युरोपातल्या ग्राहकाला टायरवरच्या चिठ्ठीत ए ते ई अशा अक्षरांत दिसतं. जालन्यातल्या दुकानात ओल्या पकडीचं विचारलं तर "सगळेच चांगलेत" हे उत्तर मिळतं.

२०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, तेव्हा पुष्कळांनी कुरकुर केली. मी नाही केली. माझं म्हणणं एवढंच की झिजलेली नक्षी डोळ्यांना दिसते, कमी हवा दिसत नाही. मे महिन्यात तिथे हवा मोजणारा माणूसही उभा हवा, आणि त्याने मोजावं, सोडू नये.

माझ्या गाडीला मी विंटर घेतले नाहीत आणि ऑल-सीझनही नाहीत. साधे उन्हाळी रबराचे, त्याच मापाचे, व्ही अक्षराचे, उष्णतेची प्रत ए, अमेरिकेसाठीच्या छपाईतली, भिंतीवरच लिहिलेली. तारीख चढवायच्या आधी वाचली, आणि तारखेचे आकडे बिलावर लिहून घेतले. दुकानदार म्हणाला, असं कुणी मागत नाही. पण बिलावर मालाचं माप असतं तर मालाचं वयही असायला हवं. हवा मी सकाळी, गाडी अंगणातून हलायच्या आत, स्वतःच्या मापकाने तपासतो. चाळीस अंशांच्या वर गाडी उभी करायची असेल तर सावलीत करतो. जालन्याच्या बाजारपेठेत सावली मिळत नाही, ती एक वेगळी तक्रार आहे.

आमच्या रस्त्यावरच्या पंपमालकाला मी हवेच्या यंत्राशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर लिहून दिला आहे : गाडी चालवून आल्यावर टायर गरम असतो, दाब वाढलेला दिसेल, हवा सोडू नये, आकडा सकाळी, थंड टायरचा बघावा. त्यांनी तो वाचला, चांगला आहे म्हणाले, आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला. पाटी अजून लागलेली नाही. रंगवायचा खर्च मी देतो, असंही कळवलं आहे. पुढचा मे उजाडायच्या आत ती लागली पाहिजे.